दहा बाय दहाच्या खोलीत रेल्वे: बेसबोर्डच्या नोंदी

पुणे-मिरज मार्गावर शिंदवण्याचा घाट चढला की आंबळे, राजेवाडी, जेजुरी अशी स्टेशनं लागतात. लहानपणी वडिलांबरोबर पॅसेंजरने जेजुरीला जाताना गाडी राजेवाडीला क्रॉसिंगसाठी थांबली की मी खाली उतरून इंजिनापर्यंत चालत जायची. तसंच एक छोटं मॉडेल स्टेशन घरात उभं करायचं आहे: एकेरी मार्ग, एक लूप (क्रॉसिंगसाठी गाडी थांबवायचा बाजूचा मार्ग), एक सायडिंग (डबे उभे करायचा फाटा), डिझेल इंजिन आणि तांबडे आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातले जुन्या पद्धतीचे) डबे. खोली दहा बाय दहा फूट, कर्वेनगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. या नोंदी फक्त बेसबोर्डच्या, म्हणजे रुळांखालच्या लाकडी पाटाच्या, आणि त्यावरच्या रूळ-तारांच्या आहेत. इंजिन आणि डबे आधीपासून होते, त्यांचा खर्च इथे धरलेला नाही.

२ जून २०२४

मनात होतं की आठ बाय चारची एक अख्खी प्लायशीट टेबलासारखी मांडायची. ती विकत घेण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्रं चिकटवून खऱ्या मापात आखून बघितलं. सुतळीचं एक टोक चिरंजीवांनी धरलं, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधून मी वळणं काढली. दोन अडचणी लगेच दिसल्या. शीट भिंतीला लावली तर मागच्या कडेपर्यंत हात पोचत नाही. माझा हात वाकून ७० सेंमीपर्यंतच जातो, शीट १२२ सेंमी रुंद. शिवाय १२२ सेंमीच्या रुंदीत वळणाची त्रिज्या कशीबशी ५५ सेंमी मिळते.

आयसीएफ डब्याची बॉडी २१.३ मीटरची. एच ओ म्हणजे १:८७ मापात ती साडेचोवीस सेंमी होते. डब्याच्या लांबीच्या अडीचपट त्रिज्या असेल तर डबा नीट वळतो, म्हणजे ६१ सेंमी हवेत. खऱ्या ब्रॉडगेजवर सर्वात तीव्र वळण १० अंशांचं, १७५ मीटर त्रिज्येचं असतं. ते या मापात दोन मीटर होतं, आणि माझ्या एका भिंतीत तशी दोन वळणं बसत नाहीत. म्हणून ६१ वर समाधान.

ठरलं: टेबल नाही, खोलीच्या चारही भिंतींना लागून फिरता मार्ग. चार कोपऱ्यांना ८० बाय ८० सेंमीचे बोर्ड (आतला कोपरा तिरका कापून), त्यांच्यामध्ये १४५ सेंमीचे चार सरळ बोर्ड. दारासमोरचा सरळ बोर्ड उचलून बाजूला ठेवता येणारा पूल. दार भिंतीच्या मधोमध आहे म्हणून हे जमतंय. रुळांची एकूण फेरी १०.३ मीटर, खऱ्या हिशोबात ९०० मीटर.

कागदावरच कळलेली आणखी एक गोष्ट: स्टेशनच्या बाजूला दोन पॉइंट (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) आणि त्यांच्याजवळची जागा सोडली तर लूपमध्ये साधारण ९९ सेंमी उरतात. एक इंजिन आणि तीन डबे मिळून ९५. मला पाच डब्यांची पॅसेंजर हवी होती. तीनच मिळतील.

या कामाला पूर्ण रविवार गेला. खर्च शून्य.

९ जून

भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेले. १२ मिमीच्या दोन शीट घेतल्या, साधा कमर्शियल प्लाय, ५८ रुपये फूट, ३,७१२ रुपये. पाइनच्या तीन बाय पाऊण इंची पट्ट्या वखारीतून, १,४०० रुपये. टेम्पो आणि तीन मजले चढवायची हमाली मिळून ८००. दुकानदाराने वॉटरप्रूफ प्लाय दाखवला होता. घराच्या आत पाऊस थोडाच येतोय, असा विचार करून मी तो घेतला नाही.

पट्ट्या हाताला गार लागत होत्या. तेव्हाच समजायला हवं होतं की लाकूड ओलं आहे.

१६ जून

कापणी. सरळ बोर्ड ४५ सेंमी रुंद ठरवले होते, पण १२२ मधून ८० चा कोपरा काढला की ४२ उरतात आणि करवतीचं पातं ३ मिमी खातं. सगळे सरळ बोर्ड ४१ चे केले, म्हणजे आठही बोर्ड दोन शीटमध्ये बसतात. तिसरी शीट वाचली.

दाराचं पान खोलीत उघडतं आणि पुलाला आपटतं, हे आज लक्षात आलं. कागदावर आखताना दार उघडंच होतं आणि त्याच्या मागे कोणी बघितलं नाही. पान काढून माळ्यावर टाकलं, पडदा लावला.

३० जून

तीन सांगाडे तयार. दर ४० सेंमीवर आडवी पट्टी, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही. एकमेकांना जोडण्यासाठी टोकाच्या पट्ट्यांना ८ मिमीचे बोल्ट आणि विंग नट.

पहिले दोन बोर्ड जोडले तर वरच्या कडा दीड मिमी खालीवर. टोकाच्या प्रत्येक पट्टीवर वेगवेगळं माप घेऊन वेगवेगळी भोकं पाडली होती, आणि बोल्ट सहज जावा म्हणून भोकं ९ मिमीची. बोल्ट आवळला की बोर्ड त्या मोकळ्या जागेत जिकडे सरकेल तिकडे बसतो. दीड मिमी ऐकायला काहीच नाही, पण माझ्या रुळांची पूर्ण उंचीच अडीच मिमी आहे.

१४ जुलै

दोन आठवडे ऑफिसच्या कामात गेले. आज लांब पट्टी ठेवून बघितलं: १४५ सेंमीच्या दोन बोर्डांना मध्ये ६ मिमीचा फुगा. एक कोपऱ्याचा बोर्ड पिळलाय, तीन पाय टेकतात आणि चौथा हवेत.

२५ जुलै

काल रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. शाळांना सुट्टी, मीही घरीच. आमच्याकडे फक्त भिंतींना ओल आली आहे, तक्रार करायला तोंड नाही.

फुगा आता ९ मिमी. एका बोर्डाच्या कडेला प्लायचे थर सुटायला लागलेत, नखाने उचलले जातात. वजन ठेवून सरळ करायचा प्रयत्न आठवडाभर केला (कणकेचा डबा, जुने ग्राइंडर, पुस्तकांची खोकी). वजन काढलं की दोन दिवसांत परत तेच.

हे बोर्ड मोडायचे. रूळ बसवण्याआधी कळलं म्हणून नुकसान लाकडापुरतं राहिलं.

४ ऑगस्ट

परत टिंबर मार्केट. यावेळी बीडब्ल्यूपी, म्हणजे वॉटरप्रूफ प्लाय, ज्यावर आयएस ७१० हा मानक क्रमांक लिहिलेला असतो तो. ९५ रुपये फूट, दोन शीटचे ६,०८०. आधीचा प्लाय आयएस ३०३ मधला, तो ओलाव्यापुढे एवढाच टिकतो. दुकानातच पॅनेल सॉवर कापून घेतला, ६०० रुपये. माझ्या जिगसॉपेक्षा कितीतरी सरळ कड आणि तीन मजले चढवायला तुकडे सोपे. पहिल्यांदाही हेच करायला हवं होतं.

पाइन वाळवलेलं घेतलं, २,२०० रुपये. घेताना प्रत्येक पट्टी डोळ्यासमोर धरून वाकडी आहे का ते बघितलं, वीसमधल्या सहा परत केल्या. वखारवाल्याला ते फारसं आवडलं नाही. टेम्पो, हमाली ८००.

घरी आणल्यावर सगळं लाकूड खोलीत आडवं, मध्ये काड्या ठेवून, आठवडाभर नुसतं ठेवलं. कापलेल्या सगळ्या कडांना प्रायमरचे दोन हात.

११ ऑगस्ट

जोडाचं काम नव्याने. बोल्ट फक्त आवळायला. बोर्ड जागेवर बसवायला वेगळं काहीतरी हवं. भोसरीत ओळखीच्या एका लेथवर १० मिमीची स्टीलची पिन आणि तिला बसणारी पितळी बुश अशा १६ जोड्या करून घेतल्या, जोडी ७० रुपये, ११२० रुपये.

आणि पद्धत बदलली. शेजारशेजारच्या दोन बोर्डांच्या टोकाच्या पट्ट्या आधी एकमेकींना तोंडाला तोंड लावून सी-क्लॅम्पमध्ये आवळल्या. दोन्हींमधून एकाच वेळी आरपार भोक. एकीत पिन, दुसरीत बुश, अराल्डाइट लावून. प्रत्येक जोडीवर नंबर: १अ-१ब, २अ-२ब. मग या जोड्या जुळलेल्या असतानाच त्यांच्या दोन्ही बाजूंना सांगाडे बांधले. आधी जोड, मग बोर्ड. पहिल्यांदा मी उलटं केलं होतं.

सात जोड बोटाने चाचपले तर कळतही नाहीत. पुलाच्या एका टोकाला अर्धा मिमी आहे, तो पॉलिश पेपरने जाईल.

१८ ऑगस्ट

पाय म्हणून स्लॉटेड अँगल, ४,२०० रुपये. उंची ११० सेंमी. खाली प्रत्येक पायात उलटा बोल्ट, उंची कमीजास्त करायला.

स्पिरिट लेव्हल एकेका बोर्डावर बरोबर दाखवत होती, पण आठव्या बोर्डापाशी फिरून आलो तेव्हा पहिल्यापेक्षा ४ मिमी खाली. दरवेळची थोडी थोडी चूक साठत जाते. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी आणली, पारदर्शक, सहा मीटर. एक टोक पहिल्या बोर्डाशी बांधलं आणि दुसरं टोक घेऊन मी खोलीभर फिरले. तासाभरात आठही बोर्ड एका पातळीत. खोलीची फरशी बाल्कनीकडे १४ मिमी उतरती आहे हेही कळलं.

नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं. पाण्यात थोडी शाई टाकली की बुडबुडा दिसतो.

१ सप्टेंबर

३ मिमी कॉर्क, ९०० रुपये. त्यावर फ्लेक्सिबल ट्रॅक, ९१ सेंमीचे १८ तुकडे, ११,७०० रुपये. पॉइंट तीन, ६,३००. या कामात सर्वात जास्त पैसे इथेच जातात आणि ते वाचवायची सोय नाही.

गेजबद्दल: हे रूळ १६.५ मिमीचे, म्हणजे १:८७ मध्ये १,४३५ मिमीचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १,६७६, तो १९.३ मिमी व्हायला हवा. मला हा फरक डोळ्याला खुपतो. पण १९.३ चे रूळ हाताने बनवावे लागतील, प्रत्येक चाक आसावर बाहेर सरकवावं लागेल. ते मी या घरात एकटीने करू शकत नाही.

आजची चूक: लूपच्या पॉइंटच्या जिभा हलवणारी पट्टी नेमकी सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर आली. खालून मोटर बसवायला जागाच नाही. आडवी पट्टी कापून ६ सेंमी सरकवली, तीन तास. आडव्या पट्ट्या ठोकण्याआधी पॉइंट प्लायवर ठेवून पेन्सिलने खूण करा.

बोर्डांच्या जोडावर रूळ हलू नयेत म्हणून शेवटचे दोन स्लीपर पीसीबीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठी वापरतात त्या, वर तांब्याचा थर असलेल्या शीटचे. तपकीर गल्लीत शीट मिळाली, पट्ट्या कापल्या, रूळ त्यांवर कथलाने डाखले (सोल्डर केले). मग बारीक डिस्कने जोडावर रूळ कापले.

५ सप्टेंबर

कंट्रोलर लावला, लगेच ट्रिप. दोन संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन बसले. पीसीबीचं तांबं दोन्ही रुळांना सलग जोडत होतं. प्रत्येक स्लीपरच्या मध्ये कानशीने तांबं खरवडून रेघ पाडायला विसरले होते. सोळा टोकं, बत्तीस स्लीपर. डाखलेल्या जागी बारीक कानस चालवणं फार वेळखाऊ. रेघ पट्टी कापतानाच पाडायची आणि लगेच मीटर लावून बघायचं.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. घर भरलेलं. बोर्डांमध्ये तात्पुरत्या तारा टाकून पहिली फेरी चालवली. इंजिन सावकाश निघालं, खिडकीखालून वळलं, पूल ओलांडून परत आलं. बघायला पोरं आणि मोठी माणसं मिळून चौदा जण दारात.

थोड्या वेळाने भाचीला आत यायचं होतं, तिने पूल उचलला. गाडी चालू होती. इंजिन मी हाताने अडवलं, शेवटचा डबा मात्र ११० सेंमीवरून फरशीवर पडला. त्याच्या चाकांची एक चौकट (बोगी) तुटली. भाची रडायला लागली. चूक तिची नव्हती, पूल उचलल्यावर करंट बंद व्हायची सोय मी केलेली नव्हती. दहा दिवस गाडी बंद ठेवली.

२२ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी झाली, घर मोकळं. पक्कं वायरिंग.

बोर्डांखालून लाल आणि काळी, १.५ चौरस मिमीची मुख्य तार. तिच्यापासून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक तार खालून डाखलेली. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटच्या भरवशावर करंट नेला तर चार-पाच तुकड्यांनंतर इंजिन मंदावतं. तात्पुरत्या तारांवर मी ते बघितलं होतं, खिडकीपाशी गाडी रेंगाळायची.

पुलासाठी: दोन्ही टोकांच्या टेकणीत एकेक मायक्रोस्विच, दोन्ही एकामागे एक जोडलेले. पूल दोन्हीकडे नीट बसला तरच पुलाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या ४० सेंमी रुळांना करंट. बंद केल्यावर माझं इंजिन १५ सेंमी घरंगळतं, म्हणून ४० पुरतात. पूल पन्नास वेळा उचलून ठेवून बघितला.

तारा, पीसीबी, कथील, स्विच मिळून १,८५०.

त्याच दिवशी थर्माकोलची टेकडी चिकटवायला घेतली आणि हाताशी होतं ते रबराचं सोल्युशन लावलं. पाच मिनिटांत थर्माकोल विरघळून त्यात खड्डा. थर्माकोलला साधा पांढरा फेविकॉलच लावायचा.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला आणि ऑक्टोबर हीट सुरू. दुपारी खोलीत ३४ अंश. बाल्कनीच्या बाजूच्या बोर्डावर रूळ मध्येच कॉर्क सोडून वर उचललाय, साधारण २ मिमी.

कारण समजायला दोन दिवस लागले. रूळ मी ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत बसवले, तेव्हा लाकूड फुगलेलं होतं. आता ते सुकून आखडलं आणि उन्हाने धातू वाढला. प्रत्येक बोर्डावर रुळाची दोन्ही टोकं पीसीबीवर डाखलेली, मध्ये सरकायला जागा नाही, म्हणून रूळ वर आला. प्रत्येक बोर्डाच्या मधोमध एका फिशप्लेटचं डाखकाम सोडवलं, पाऊण मिमी फट ठेवली, फटीच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र तार आधीपासून होतीच. रूळ आपोआप खाली बसला.

२७ ऑक्टोबर

तिसरा आणि चौथा बोर्ड यांच्या जोडावर, वळणात, दुसरा डबा उतरतोय. पाच फेऱ्यांत एकदा, कधी दोनदा. जोड चाचपला, सपाट. रुळांची टोकं कानशीने गोल केली. पिन बदलली. पीसीबीचे स्लीपर काढून परत डाखले. डब्याच्या चाकांमधलं अंतर मोजलं. चार संध्याकाळी गेल्या. आज हातात कानस घेऊन बसले होते आणि काहीच कापावंसं वाटेना.

३ नोव्हेंबर

दिवाळी. काम नाही.

१० नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरचे काका फराळाचे डबे परत द्यायला आले. ते रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या खात्यातून निवृत्त झालेत, घाटातही त्यांची बरीच वर्षं गेली. मी जोड दाखवला. त्यांनी जोडाकडे बघितलंच नाही. गाल बोर्डाला टेकवून, एक डोळा मिटून रुळाच्या पातळीतून बघत राहिले.

"दोरी आण. आणि मिलिमीटरची पट्टी."

मी म्हटलं, "काका, डबा तर जोडावर उतरतोय."

"उतरतो तिथे. बिघडतो कुठे ते मोजल्याशिवाय नाही कळायचं तुला."

त्यांनी सांगितलेली पद्धत अशी. खऱ्या मार्गावर २० मीटरची दोरी वळणाच्या बाहेरच्या रुळाला आतून दोन टोकांना धरून ताणतात आणि दोरीच्या मध्यापासून रुळापर्यंतचं अंतर मोजतात. त्याला व्हर्साइन म्हणतात. दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. एक अंशाचं वळण म्हणजे १,७५० मीटर त्रिज्या, तिथे २० मीटरच्या दोरीला साडेअठ्ठावीस मिमी येतात. मग अर्धी दोरी पुढे सरकायचं, परत मोजायचं. वळण एकसारखं असेल तर आकडेही एकसारखे.

आम्ही ३० सेंमीचा दोरा घेतला. ६१ सेंमी त्रिज्येला १८ मिमीच्या आसपास यायला हवेत. दर १५ सेंमीवर मोजलं. काका सांगत होते, मुलगा लिहीत होता:

१८, १९, १८, १४, २६, १५, १८.

२६ चा आकडा जोडावर नाही. तो जोडाच्या १५ सेंमी आधी आहे, जिथे दोन फ्लेक्सिबल तुकड्यांची फिशप्लेट वळणातच आली आहे. तिथे रूळ वाकले नाहीत, दोन्ही टोकं सरळ राहून कोन झाला. डब्याचं पुढचं चाक त्या कोनात बाहेर ढकललं जातं, रुळावर चढतं, आणि जोडावर येईपर्यंत खाली पडतं. मी चार संध्याकाळी जोड तासत होते.

डोळ्याने मला ते वळण गोल दिसत होतं. आता रुळाच्या पातळीतून बघितलं की दिसतं.

जाताना काका म्हणाले, "घाटात आम्ही हेच करायचो, फक्त दोरी धरायला दोन माणसं लागायची."

१७ नोव्हेंबर

तिसऱ्या बोर्डावरचं वळण उखडलं. दुरुस्ती अशी: रुळांचे दोन तुकडे टेबलावर सरळ असतानाच फिशप्लेटने जोडून डाखले, मग एकत्र वाकवले. आतला रूळ वाकताना पुढे सरकतो, त्याचं जास्तीचं टोक शेवटी कापलं. दोन्ही रुळांच्या फिशप्लेट समोरासमोर ठेवल्या नाहीत, ४ सेंमी पुढेमागे. चिकटवण्याआधी टाचण्यांवर ठेवून दोऱ्याने मोजलं, दोन ठिकाणी सरकवलं, परत मोजलं.

१८, १८, १९, १८, १८, १८, १८. पाच तास लागले. वाया गेलेला रुळाचा तुकडा एकच.

२४ नोव्हेंबर

मुलाने पाटीवर रेघा ओढत मोजलं: इंजिन आणि तीन डबे, पन्नास फेऱ्या, त्या जोडावर एकही चाक उतरलं नाही. उलट्या दिशेने वीस, त्यातही नाही.

आजपर्यंतचा खर्च जोडून ठेवते. पहिली फसलेली लाकूडखरेदी ५,९१२, दुसरी ९,६८०. पाय ४,२००, पिना आणि बुश १,१२०, स्क्रू-बोल्ट-फेविकॉल-प्रायमर १,४५०, कॉर्क ९००, रूळ ११,७००, पॉइंट ६,३००, विजेचं १,८५०. एकूण ४३,११२ रुपये. सरळ वाया गेले ते साधारण ५,३००: पहिला सगळा प्लाय, निम्म्याहून जास्त पाइन आणि एक टेम्पो. वेळेत धरले तर जून-जुलै पूर्ण.

खडीची तयारी सुरू केली आहे. समोरच्या बांधकामावरून परवानगी घेऊन पिशवीभर क्रश सँड आणली, काळा दगड, आपल्याकडचाच बेसाल्ट. खरी खडी जास्तीत जास्त ६५ मिमीची, या मापात पाऊण मिमी. रव्याच्या चाळणीतून खाली पडलेलं घ्यायचं, मैद्याच्या चाळणीतून पडलेलं टाकायचं. धुऊन वाळवून वर स्पीकरचं जुनं चुंबक फिरवलं तर चुंबकाला काळी मिशी आली. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, ते कण इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात. चार वेळा फिरवल्यावर चुंबक कोरं राहिलं.

खडी एकदा फेविकॉलच्या पाण्याने बसली की रूळ हलवता येत नाहीत, म्हणून आज उरलेली तीन वळणं दोऱ्याने मोजली. पहिलं १७ ते १९. खिडकीजवळचं १८ ते १९. बाल्कनीच्या कोपऱ्यात एका जागी २२, आणि तिथेही फिशप्लेटच आहे. अजून तिथे डबा उतरलेला नाही. तरी ते वळण पुढच्या रविवारी काढते आहे, खडी त्यानंतर.